प्रोसेसरचे फर्मवेअर मुक्त करा, असे कंपन्यांना सांगायचे तर काय आणि कुठे सांगावे?

प्रश्न नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुक्त सॉफ्टवेअर गटाचा आहे. एएमडी या चिप कंपनीने आपल्या प्रोसेसरमधल्या पीएसपीचे (प्लॅटफॉर्म सिक्युरिटी प्रोसेसर, म्हणजे चिपमधल्या छोट्या सुरक्षा-प्रोसेसरचे) फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला आतला कोड, मुक्त परवान्याखाली द्यावे, असे पत्र त्यांनी तयार केले आहे आणि त्यावर सह्या गोळा करणे चालू आहे. अशा पत्राने कंपनी हलते का, आणि हलत नसेल तर नागपुरात बसून आम्ही काय करू शकतो, असे त्यांनी विचारले आहे.

एम्बेडेड बोर्डांचे फर्मवेअर लिहिणे हा माझा व्यवसाय आहे आणि कोअरबूटच्या, म्हणजे बायॉसच्या जागी बसणाऱ्या मुक्त फर्मवेअरच्या, कामाशी माझा जुना संबंध आहे. पत्र जरूर पाठवा, पण आत्ता जे लिहिले आहे ते नको. ‘सगळा सोर्स द्या’ ही मागणी २०१७ मध्ये जगभरातून झाली होती आणि ती नाकारली गेली. त्याच्या आधी आणि नंतर काही लहान, नेमक्या मागण्या मात्र मान्य झाल्या. त्या कुणी, कुणाकडे आणि कशाच्या बळावर केल्या हे पाहिले की तुमचा रस्ता बराचसा दिसू लागतो.

आधी यंत्रात काय घडते ते नीट मांडून घेऊ. पत्र वाचणारा माणूस अभियंता असेल आणि पहिल्या परिच्छेदातच तो तुमची पारख करेल.

एएमडीच्या रायझेन प्रोसेसरचा लॅपटॉप सुरू केला की ज्याला आपण प्रोसेसर म्हणतो ते एक्स८६ गाभे लगेच कामाला लागत नाहीत. त्याच चिपमधला एक छोटा आर्म गाभा आधी जागा होतो. तो पीएसपी. चिपमध्ये कायमचा कोरलेला थोडासा कोड तो चालवतो, मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमधून पुढचे फर्मवेअर उचलतो आणि त्यावरची एएमडीची डिजिटल सही तपासतो. सही जुळली तरच पुढचे पाऊल. रॅम चालू करणे, म्हणजे मेमरी ट्रेनिंग, हे कामही झेन पिढीपासून पीएसपीच करतो. एवढे झाल्यावर मुख्य गाभे मोकळे होतात, मग बायॉसची पाळी येते आणि त्यानंतर तुमचे लिनक्स. तुम्ही हौसेने कर्नल स्वतः बांधून चालवता, पण त्या कर्नलच्या आधी जे चालून गेले आणि नंतरही चिपमध्ये जागे राहते, ते तुम्ही कधी वाचलेले नसते.

इंटेलमध्ये हीच जागा एमई, म्हणजे मॅनेजमेंट इंजिन, घेते. २००६ च्या सुमारास ते चिपसेटमध्ये आले. २००८ च्या थिंकपॅड एक्स २०० सारख्या यंत्रांमधून एमईचे फर्मवेअर पूर्ण काढून टाकता येते, म्हणून लिब्रेबूट या पूर्ण मुक्त बायॉस प्रकल्पाचे लोक ती यंत्रे अजून जपून ठेवतात. त्याच्या पुढच्या पिढीपासून एमईचे फर्मवेअर नसेल किंवा त्यावरची सही जुळत नसेल, तर यंत्र सुरूच होत नाही किंवा अर्ध्या तासाने आपोआप बंद पडते.

२०१५ च्या स्कायलेक पिढीपासून या एमईवर मिनिक्स ३ ही कार्यप्रणाली चालते. मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी २०१७ मध्ये इंटेलला खुले पत्र लिहिले, कारण आपली प्रणाली इतक्या यंत्रांत बसली आहे हे त्यांना बातम्यांतून समजले. मिनिक्सचा परवाना बीएसडी प्रकारचा आहे. बदललेला कोड परत देण्याची अट त्यात नाही, त्यामुळे इंटेलने परवाना मोडला असे म्हणता येत नाही. मूळ कोड मुक्त, आणि तरीही यंत्राच्या मालकाच्या हाती काहीच नाही. तुमच्या गटात जीपीएल (बदललेला कोड वाटताना त्याचा सोर्सही द्यायला लावणारा परवाना) आणि बीएसडी यांवर वाद चालू आहे असे प्रश्नावरून दिसते. त्या वादात हे उदाहरण ठेवून बघा.

तुमच्या मसुद्यातली मोठी अडचण अशी की त्यात सगळे ‘प्रोसेसर फर्मवेअर’ या एकाच नावाखाली आले आहे. प्रत्यक्षात मालक निरनिराळे आहेत. मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरने आज्ञा कशा पाळायच्या हे ठरवणारा आतला कोड, चिप कंपनीचा. पीएसपी किंवा एमईही तिचेच, पण त्यात इतरांकडून परवान्यावर घेतलेले तुकडे असतात. रॅम आणि चिपसेट जुळवणारा कोड, एएमडीचा एजीसा किंवा इंटेलचा एफएसपी, चिप कंपनी देते आणि मदरबोर्डवाला बसवतो. त्यावरचे यूईएफआय बायॉस बहुधा एएमआय, इनसाइड किंवा फिनिक्स यांच्याकडून विकत घेऊन लॅपटॉप कंपनीने आपल्या सोयीने बदललेले असते. पंखा, बॅटरी आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरचे फर्मवेअर आणखी निराळे. एएमडीतला माणूस तुमचे पत्र वाचून अगदी खरेपणाने म्हणू शकतो की यातले बरेचसे आमच्या हातात नाही. तेवढ्या एका वाक्यावर तुमची मोहीम संपते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. समजा, एएमडीने उद्या पीएसपीचा सगळा सोर्स प्रसिद्ध केला. तुम्ही तो वाचाल, त्यातले दोष शोधाल, आणि हेही मोठेच काम होईल. पण त्यातली एक ओळ बदलून तो स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येणार नाही, कारण चिप फक्त कंपनीची सही ओळखते. बायॉसच्या थरावरही तेच आहे. इंटेलचे बूट गार्ड २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आले. त्यात यंत्र बनवणारी कंपनी आपल्या किल्लीचा ठसा चिपसेटमधल्या फ्यूजमध्ये जाळून कायमचा बसवते. एकदा फ्यूज जाळले की परत फिरणे नाही. अशा लॅपटॉपवर कोअरबूट लिहून तयार असले तरी चढत नाही. एएमडीच्या प्लॅटफॉर्म सिक्युअर बूटमध्ये हा ठसा खुद्द प्रोसेसरमध्ये जातो. त्यामुळे एका कंपनीच्या सर्व्हरमध्ये कुलूपबंद झालेला एपिक प्रोसेसर काढून दुसऱ्या कंपनीच्या बोर्डात घातला तर तो चालत नाही. चांगला, महागाचा प्रोसेसर भंगारात जातो. म्हणून सोर्स, दस्तऐवज, बायनरी वाटण्याचा हक्क, बंद करण्याची सोय आणि किल्ली (म्हणजे मालकाच्या स्वतःच्या सहीचे फर्मवेअर चालू देणे) या पाच निरनिराळ्या मागण्या आहेत. मला विचाराल तर किल्ली आणि बंद करण्याची सोय यांना मी सोर्सच्या आधी ठेवीन. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतले माझे काही मित्र यावर नाराज होतात, पण बूट गार्डचे फ्यूज जाळलेला बोर्ड हातात घेऊन बसलेल्याला सोर्सचा फारसा उपयोग नसतो.

२०१७ मध्ये नेमके काय झाले? रायझेन नुकतेच बाजारात आले होते. मार्चमध्ये कंपनीच्या लोकांशी झालेल्या जाहीर प्रश्नोत्तरात पीएसपीचा सोर्स द्या ही मागणी फार मोठ्या पाठिंब्याने पुढे आली. उत्तर मिळाले की मुद्दा चांगला आहे, विचार करू. लोक आशेवर राहिले. जुलैत कंपनीने सांगितले की सोर्स देण्याचा विचार नाही. माझ्या मते या नकाराचे मूळ मागणीतच होते. तिच्यात दुसऱ्यांच्या मालकीचा कोड होता, चित्रपटांच्या कॉपी-संरक्षणासारख्या करारांत अडकलेले भाग होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘नाही’ म्हटल्याने कंपनीतल्या कुणाचेही एक रुपयाचे नुकसान होत नव्हते. ज्यांनी मागणी केली ते प्रोसेसर तरीही घेणारच होते.

आता यशाची उदाहरणे पाहा.

२०१३ मध्ये क्वालकॉम अथेरॉसने आपल्या दोन यूएसबी वायफाय चिपांचे, एआर ९२७१ आणि एआर ७०१० यांचे, फर्मवेअर मुक्त केले. थिंकपेंग्विन ही त्या चिपांची उत्पादने विकायला तयार असलेली छोटी विक्रेता कंपनी मागे लागली होती, आतले काही अभियंते स्वतः या मताचे होते, आणि मागणी दोन चिपांपुरती होती. अख्ख्या कंपनीचे धोरण बदलण्याची गरज नव्हती. एका व्यवस्थापकाने आणि एका वकिलाने सही करावी एवढाच तो विषय होता.

दुसरे उदाहरण ऑगस्ट २०१८ चे. स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरांतले सुरक्षा-दोष उघड झाल्यानंतर इंटेल मायक्रोकोडच्या सुधारणा देत होती. त्यातल्या एका सुधारणेच्या परवान्यात कलम निघाले की या मायक्रोकोडसह घेतलेल्या वेगाच्या चाचण्या प्रसिद्ध करता येणार नाहीत. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या लोकांनी परवाना वाचला, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतले ब्रूस पेरेन्स यांनी त्यावर जाहीरपणे लिहिले आणि काही दिवसांत इंटेलने तो परवाना बदलून साधा, वाटायला मोकळा केला. कलम एक, मागणी एक, आणि मान्य करायला खर्च शून्य. परवाने वाचणे हे कंटाळवाणे काम आहे, म्हणूनच फार थोडे लोक ते करतात. तुमच्या गटात एखादा विधी शाखेचा विद्यार्थी घ्या.

त्याच वर्षी साय-फाइव्ह कंपनीच्या हायफाइव्ह बोर्डाचेही असेच झाले. हा रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावरचा बोर्ड, त्यामुळे सगळे खुले असणार अशी लोकांची समजूत. पण रॅम चालू करणारा सुरुवातीचा कोड बंद होता. कोअरबूटचे संस्थापक रॉन मिनिच यांनी ते उघडपणे मांडले आणि कंपनीने पुढे त्या सुरुवातीच्या बूट लोडरचा सोर्स दिला. आपल्याकडे आयआयटी मद्रासचे शक्ती, सी-डॅकचे वेगा, आणि २०२२ पासूनचा केंद्र सरकारचा डीआयआर-व्ही कार्यक्रम यांमुळे रिस्क-फाइव्हची चर्चा खूप आहे. मला या कामाचा अभिमान आहे. म्हणूनच सांगतो, आज्ञासंच खुला असला म्हणजे त्यावर बनलेल्या चिपचे फर्मवेअर खुले असतेच असे नाही. देशी चिपांबद्दल हा प्रश्न आत्ताच, उत्पादन सुरुवातीच्या टप्प्यावर असताना विचारला तर उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे. मोहिमेचा एक हात तिकडे ठेवा.

आणि ज्या उदाहरणावरून मी सर्वांत जास्त शिकलो ते एचएपीचे. २०१७ मध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना एमईच्या फर्मवेअरमध्ये एक दस्तऐवजात नसलेला बिट सापडला. तो चढवला की यंत्र सुरू करण्यापुरते काम करून एमई थांबते. त्या बिटचे नाव हाय अ‍ॅश्युरन्स प्लॅटफॉर्म, म्हणजे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेशी जोडलेल्या कार्यक्रमाचे नाव. इंटेलनेही सांगितले की काही यंत्र-उत्पादकांनी त्या सरकारी कार्यक्रमासाठी ही सोय मागितली होती. म्हणजे ‘एमई बंद करता येत नाही’ हे सामान्य ग्राहकापुरतेच खरे होते. मोठ्या खरेदीदाराने अट घातली तेव्हा सोय तयार झाली. गूगलने क्रोमबुकांबाबत हेच केले. तिथे बायॉसच्या जागी कोअरबूट असते, एम्बेडेड कंट्रोलरचा कोडही खुला आहे, कारण ऑर्डर देणाऱ्याने तसे मागितले. एफएसपी आणि एमई त्यातही बंदच आहेत हे विसरू नका, पण जेवढे खुले झाले ते खरेदीच्या टेबलावर झाले.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगायची आहे. मागणी लहान आणि नेमकी करा, आणि जिथे पैसा हातातून जायचा असतो तिथे, तो जाण्याच्या आधी करा.

नागपुरात तो पैसा आहे का? भरपूर आहे. व्हीएनआयटी, विद्यापीठ आणि त्याची संलग्न महाविद्यालये, नीरी, वेकोलिचे मुख्यालय, महापालिका, जिल्हा परिषदेच्या शाळा. यातले प्रत्येक ठिकाण ठरावीक वर्षांनी संगणक घेते, आणि त्या निविदेतला तांत्रिक तपशील बहुतेक वेळा मागच्या निविदेवरून जसाच्या तसा उतरवलेला असतो. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, मॉनिटरचा आकार, तीन किंवा पाच वर्षांची हमी. फर्मवेअरबद्दल एक ओळ नसते. ती ओळ घालून घेणे हे तुमचे काम.

पद्धत अशी आहे. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या बोलीत खरेदीदाराला स्वतःच्या जादा अटी जोडता येतात. राज्य शासनाच्या संस्थांना १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदी नियमपुस्तिका लागू पडते, केंद्राच्या संस्थांना २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम. दोन्हीकडे एक पथ्य पाळावे लागते: अट कुठल्या एका कंपनीलाच बसेल अशी नसावी. म्हणून ‘कोअरबूट असलेलेच यंत्र’ असे लिहू नका, लेखापरीक्षणात अडकेल आणि खरेदी समिती पुढच्या वेळी तुमचे ऐकणार नाही. गुणवत्तेच्या भाषेत लिहा. खरेदीच्या दिवसापासून किमान सात वर्षे फर्मवेअरच्या सुरक्षा-सुधारणा मिळतील आणि त्या लॉगिनशिवाय उतरवता येतील. यंत्रातल्या फर्मवेअरच्या घटकांची आवृत्तीसह यादी मिळेल. दूरनियंत्रणाची सोय बंद स्थितीत येईल. सिक्युअर बूटमध्ये मालकाला स्वतःच्या किल्ल्या घालता येतील. आणि शेवटची, सर्वांत मोलाची अट: उत्पादकाने सुधारणा देणे थांबवले की मालकाला स्वतःचे फर्मवेअर बसवण्याचा मार्ग लेखी स्वरूपात दिला जाईल.

घटकांच्या यादीची अट आता परकी राहिलेली नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने सॉफ्टवेअर घटक-यादीबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जुलै २०२५ च्या दुसऱ्या आवृत्तीत हार्डवेअर घटकांची यादीही आणली. त्या सूचनांची प्रत सोबत जोडली की खरेदी समितीतल्या माणसाला सही करायला आधार मिळतो. कागदाला कागदाचा आधार लागतो, तो त्याच्या हातात द्या.

मग निविदापूर्व बैठक. शक्य असेल तिथे संस्थेतल्या एखाद्या प्राध्यापकाला बरोबर घेऊन तिथे पोचा. जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या अशा बैठकीला मी तांत्रिक सल्लागार म्हणून होतो. सात वर्षांच्या अटीवर पुरवठादारांनी लगेच हरकत घेतली, आम्ही पाचवर आलो. मालकाच्या किल्ल्यांच्या अटीवर कुणीच हरकत घेतली नाही, कारण ती सोय त्यांच्या यंत्रांत आधीच होती, फक्त कुणी कधी विचारले नव्हते. शेवटच्या अटीवर मात्र एका पुरवठादाराला आपल्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी विचारावे लागले. उत्तर नकाराचे आले, पण ते लेखी आले, आणि त्यात बूट गार्डचे फ्यूज कारखान्यातच जाळले जातात हे मान्य केले होते. असे कागद जमवा. दहा ठिकाणचे नकार एकत्र ठेवले की ‘अशी मागणी कुणी करतच नाही’ हे वाक्य त्या कंपनीला पुन्हा उच्चारता येत नाही.

यासोबत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची पाहणी करा. फ्लॅशरॉम या फ्लॅश चिप वाचण्याच्या साधनाने कुठल्या बोर्डाची चिप वाचता येते, एमईची आवृत्ती कोणती, बूट गार्डचे फ्यूज जळलेले आहेत का, शेवटची बायॉस सुधारणा कोणत्या वर्षीची. लिनक्सवर फर्मवेअर अद्ययावत करणाऱ्या ‘एफडब्ल्यूअपडी’ या साधनात सुरक्षा-अहवालाची आज्ञा आहे, त्यातूनच यातली बरीच माहिती मिळते. फक्त वाचा, काही लिहू नका, आणि विभागप्रमुखांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय हात लावू नका. चिपवर क्लिप लावून वाचायची वेळ आली तर बाजारात मिळणाऱ्या काळ्या सीएच ३४१ ए प्रोग्रामरची डेटा लाइन आधी मीटरने मोजा. चिप बहुधा ३.३ व्होल्टची असते आणि त्यातले बरेच प्रोग्रामर डेटा लाइनवर ५ व्होल्ट देतात. या पाहणीचा तक्ता तुमच्या पत्राला जोडलेल्या हजार सह्यांपेक्षा जास्त काम करेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यापासून शाळा-महाविद्यालयांत चालती यंत्रे बाजूला पडत आहेत. त्यांवर लिनक्स चढते, पण त्यांच्या बायॉसमधले दोष कुणी दुरुस्त करणार नाही. हा मुद्दा प्राचार्यांना लगेच समजतो.

तुमच्या पत्रावर ज्यांची नावे हवीत आणि अजून नाहीत असे लोक बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, बसलेले आहेत. चिप लेव्हलची दुरुस्ती करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा: चिपसेट बदलला किंवा दुसऱ्या बोर्डाची बायॉस फाइल घातली की एमई ‘क्लीन’ करावे, म्हणजे मूळ स्थितीत आणावे लागते, नाहीतर लॅपटॉप चालू होऊन बंद पडतो, पंखा फुल स्पीडवर फिरत राहतो. ती बिन फाइल आणि ते क्लीन करण्याचे साधन तो कुठल्या तरी ग्रुपवरून, कधी पैसे देऊन, मिळवतो. कंपनीने ते साधन उघडपणे दिलेले नसते. फर्मवेअरच्या कुलपाचा जाच रोज सोसणारा माणूस हाच आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या बैठकांना त्याला कुणी बोलावत नाही. मला याचे वाईट वाटते. त्याच्याशी परवान्यांबद्दल बोलू नका, ‘बायनरी उघडपणे वाटण्याचा हक्क’ ही मागणी त्याच्यासमोर ठेवा. ती त्याच्या पोटाची आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. बर्डीच्या कारागिरांची निवेदने तिथे, त्यांच्या भाषेत, गेली पाहिजेत.

‘कोड बंद आहे म्हणून सुरक्षित आहे’ हे उत्तर तुम्हाला नक्की मिळेल. त्यासाठी दोन उदाहरणे नीट समजून ठेवा. पहिले इंटेलच्या एएमटीचे, म्हणजे एमईवर चालणाऱ्या दूरनियंत्रणाच्या सोयीचे, मे २०१७. दूरनियंत्रणाच्या पानावर प्रवेश देताना आलेले उत्तर आणि अपेक्षित उत्तर यांची तुलना व्हायची, पण किती अक्षरे तपासायची हे आलेल्या उत्तराच्या लांबीवरून ठरत होते. रिकामे उत्तर पाठवले की शून्य अक्षरांची तुलना, म्हणजे दार उघडे. २०१० च्या सुमाराच्या पिढीपासून हा दोष तिथे होता. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही कोड वाचताना ही चूक पकडली असती. दुसरे एएमडीचे, २०२५ चे. मायक्रोकोडची सही तपासताना लागणाऱ्या हॅशच्या (कोडच्या गणिती ठशाच्या) जागी एएमडीने एईएस-सीमॅक हा गुप्त किल्लीवर चालणारा ठसा वापरला होता आणि त्याची किल्ली अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या दस्तऐवजात उदाहरण म्हणून छापलेलीच होती. गूगलच्या संशोधकांनी ते शोधून झेन १ पासूनच्या प्रोसेसरांवर स्वतःचा मायक्रोकोड चढवून दाखवला. ही चूक इतक्या पिढ्या टिकली, कारण बाहेरच्या कुणाला ती दिसत नव्हती.

पण याच्या पुढे एक पाऊलही टाकू नका. एमई किंवा पीएसपी म्हणजे हेरगिरीसाठी मुद्दाम ठेवलेले चोरदार आहे, असे तुमच्या मसुद्यात एका ठिकाणी आले आहे. याचा जाहीर पुरावा नाही. ते वाक्य काढा. एएमटीचा दोषही ज्या यंत्रांत ती सोय होती आणि चालू होती तिथेच लागू होता, सगळ्या इंटेल यंत्रांना नाही. एवढा काटेकोरपणा ठेवला तर समोरचा अभियंता तुमच्या बाजूने आत बोलू शकतो. दोन्ही कंपन्यांची मोठी केंद्रे बंगळूरमध्ये आहेत आणि तुमच्याच महाविद्यालयातून गेलेले लोक तिथे असतील. त्यांना फोन करा, पण फक्त एवढेच विचारा की हा निर्णय कुठल्या हुद्द्याचा माणूस घेतो आणि त्याला कोणता आकडा पटतो. कोड मागू नका. २०२२ मध्ये इंटेलच्या अल्डर लेकचा बायॉस सोर्स फुटला, २०२३ मध्ये एमएसआयकडून बूट गार्डच्या किल्ल्या फुटल्या. असा फुटलेला कोड तुमच्यापैकी कुणी उघडून पाहिला तर त्याला कोअरबूटमध्ये त्याच भागावर काम करणे अवघड होते, कारण त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ संशयात येते. मोहिमेतल्या प्रत्येकाला हे पहिल्याच बैठकीत सांगा.

एएमडीला पत्र लिहिण्याची वेळ मात्र चांगली आहे. २०११ मध्ये कंपनीने एजीसाचा सोर्स कोअरबूटला दिला होता, काही वर्षांनी तो देणे थांबवले आणि पुन्हा बायनरी आल्या. मर्जीने दिलेले मर्जीने परत घेता येते, म्हणून दिलेले शब्द परवान्यात आणि वेळापत्रकात लिहून घ्यायला हवेत. २०२३ मध्ये एएमडीने ओपनसिल जाहीर केले: एजीसाची जागा घेणारा, एमआयटी परवान्याखालचा कोड, २०२६ पासून प्रत्यक्ष वापरात आणण्याचे उद्दिष्ट. पीएसपी त्यात नाही. पण रॅमच्या पुढचा बराच भाग आहे, आणि कंपनीने तो स्वतःहून दिला आहे. पत्राची सुरुवात तिथून करा. सर्व्हरच्या बोर्डांनंतर डेस्कटॉप आणि लॅपटॉपच्या कुठल्या चिपांना ओपनसिल मिळेल, त्याची यादी मागा. पीएसपीच्या सहीबद्ध बायनरी कोअरबूटसोबत कायम वाटता येतील असे लेखी मागा. आणि मदरबोर्ड कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत प्लॅटफॉर्म सिक्युअर बूटचे फ्यूज न जाळता पाठवलेला पर्याय ठेवावा, अशी शिफारस मागा. तिन्ही मागण्यांत एएमडीला दुसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही.

ज्यांना आजच पूर्ण मुक्त यंत्र हवे आहे त्यांच्यासाठी आयबीएमच्या पॉवर ९ वर बनलेले टॅलोस २ आहे. रॅप्टर कंपनीची आधीची टॅलोसची, २०१६ मध्ये सुरू झालेली निधी-उभारणी उद्दिष्टाच्या जवळही पोचली नाही, तरी त्यांनी पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती आणली. फर्मवेअरचा सोर्स उपलब्ध आहे, किल्ली मालकाकडे आहे. किंमत सर्व्हरची आहे, त्यामुळे प्रयोगशाळेत ते बसणार नाही, पण ‘असे करता येतच नाही’ या युक्तिवादाला ते उत्तर आहे. पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत करा.

पत्र इंग्रजीत एक पान, सोबत पाहणीचा तक्ता आणि निविदांमधल्या लेखी उत्तरांच्या प्रती. निविदेच्या अटींचा मराठी मसुदा वेगळा करा, कारण तो जिल्हा परिषदेत आणि महाविद्यालयांच्या भांडार विभागात वाचला जाणार आहे. तुमच्या महाविद्यालयाची पुढची संगणक खरेदी कधी आहे ते आधी भांडार विभागात विचारून घ्या. मसुदा तांत्रिक तपशील अंतिम होण्याच्या आधी समितीच्या हातात पडला पाहिजे. तपशील पोर्टलवर चढल्यानंतर निविदापूर्व प्रश्न विचारण्याएवढीच जागा उरते.